पासपोर्टावरचा शेरा

जुन्या भारतीय पासपोर्टात एक पान देशांच्या नावांसाठी राखलेले असे. पासपोर्ट कोणकोणत्या देशांसाठी चालेल, ते त्या पानावर हाताने लिहिले जाई किंवा रबरी शिक्क्याने उमटवले जाई आणि शेजारी अधिकाऱ्याची सही होई. यादीत नसलेल्या देशाला जायचे तर पुन्हा अर्ज करून नवा शेरा मारून घ्यावा लागे. पुढे 'सर्व देश' असा सरसकट शेरा मिळू लागला, तरी त्यालाही अपवाद जोडलेला असे. दक्षिण आफ्रिका वर्णभेदाच्या काळात कायम या अपवादांत राहिली. पाकिस्तानसाठी तर निराळेच कागद होते, आणि त्यांचा इतिहास सर्वांत लांबलचक आहे.

मीरा रोड स्थानकाच्या पूर्वेला वसलेल्या नया नगरात हा इतिहास घरोघरी सापडतो. वस्ती जेमतेम पंचेचाळीस वर्षांची, पण तिथे राहायला आलेल्या कुटुंबांचे कागद तिच्याहून कितीतरी जुने. ऐंशीच्या दशकाच्या उंबरठ्यावर सय्यद नजर हुसेन यांच्या पुढाकाराने इथल्या पाणथळ, मिठागरांच्या शेजारच्या जमिनीवर इमारती उभ्या राहू लागल्या. डोंगरी, नागपाडा, मोहम्मद अली रोडच्या चाळींत जागा अपुरी पडलेली कुटुंबे इथे येऊ लागली, आणि 1992-93 च्या दंगलींनंतर हा ओघ फार वाढला. आलेल्यांत उत्तर प्रदेशातून मुंबईत आलेले होते, गुजरातचे होते आणि रत्नागिरी-रायगडचे कोकणी मुसलमानही होते. यांपैकी अनेकांची एक शाखा कराचीत, आणि कोकणातल्या काहींची केपटाउनमध्ये.

परदेशी जाण्यासाठी कागद मागण्याची पद्धत मुंबई बंदराला नवी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हजला निघालेल्या यात्रेकरूंना मुंबईत यात्रा-पासपोर्ट दिले जात. 1886 साली सरकारने या यात्रेकरूंच्या प्रवासाची व्यवस्था थॉमस कुक कंपनीवर सोपवली होती. तोट्याचा हा कारभार तिने काही वर्षांतच सोडला. सर्वसामान्य प्रवाशाला पासपोर्टची सक्ती झाली ती पहिल्या महायुद्धात, आणि 1920 च्या कायद्याने ती कायम झाली. हजसाठीचा वेगळा, फक्त सौदी अरेबियापुरता पास मात्र स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ चालला. 2009 च्या हजपासून सौदी सरकारने प्रत्येकाकडे आंतरराष्ट्रीय पासपोर्ट मागितला, तेव्हा कुठे तो मागे पडला.

कोकणातल्या लोकांना परवान्याची ओळख उलट्या दिशेने झाली. रत्नागिरी आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांतले मुसलमान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून केपटाउनला जाऊन दुकानदारी, मजुरी करत. बायकामुले गावीच. केप वसाहतीच्या 1906 च्या इमिग्रेशन कायद्यानंतर अशा माणसाने सुट्टीवर गावी यायचे म्हटले, तर निघण्याआधीच परतीचा परवाना काढून ठेवावा लागे. त्यावर त्याचे छायाचित्र, बोटांचे ठसे आणि परतीची मुदत असे. आजारपण, लग्न, पावसाळा, कोणत्याही कारणाने मुदत टळली की केपमधला राहण्याचा हक्कच धोक्यात. 1946 मध्ये भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला, पुढे राजनैतिक संबंधही संपले, आणि मग अडसर भारतीय बाजूनेही आला. दक्षिण आफ्रिका वगळून दिलेल्या पासपोर्टावर भावाकडे जायचे तर खास परवानगी हवी. वर्णभेदाविरुद्धच्या या भूमिकेबद्दल भारताचे कौतुक झाले ते योग्यच होते. तिची थोडी किंमत कोकणातल्या या घरांनी मोजली, हे सहसा कोणी सांगत नाही. संबंध पूर्ववत झाले ते 1993 साली.

कराचीची गोष्ट वेगळी. सिंध 1936 पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता, आणि मुंबईहून कराचीला जाणे म्हणजे आगबोटीने एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जाणे. फाळणीनंतरही पहिले काही महिने ये-जा विनाकागद चालू होती. लोक नोकरीचा अंदाज घ्यायला, दंगल शमेपर्यंत थांबायला, बहिणीच्या बाळंतपणाला जात आणि परत येत. जुलै 1948 मध्ये भारताने पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परमिट लागू केले. त्याच वर्षी ऑक्टोबरात पाकिस्ताननेही तेच केले. परमिटे निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळी होती: तात्पुरत्या भेटीचे, वारंवार ये-जा करण्याचे, पुढच्या देशी जाताना वाटेत थांबण्याचे, पुनर्वसनाचे आणि कायमच्या परतीचे. यातले कोणते परमिट हातात आहे, यावर माणसाचे पुढचे सगळे आयुष्य ठरणार होते. बहुतेकांना हे तेव्हा कळले नाही.

कारण दोनच वर्षांत राज्यघटना आली आणि तिच्या सातव्या अनुच्छेदात परमिट थेट नागरिकत्वाला जोडले गेले. 1 मार्च 1947 नंतर पाकिस्तानात स्थलांतर केलेली व्यक्ती भारताची नागरिक मानली जाणार नव्हती. मात्र पुनर्वसनाच्या किंवा कायमच्या परतीच्या परमिटावर ती परतली असेल तर हा नियम तिला लागू नव्हता. तात्पुरत्या परमिटावर आलेल्याला ही सूट नव्हती. तो आपल्याच घरात पाहुणा म्हणून आला होता आणि मुदत संपली की त्याने जायचे होते. तीन महिन्यांसाठी कराचीला गेलेला मुंबईकर 'स्थलांतरित' झाला की केवळ प्रवासी होता, हा प्रश्न पुढची वीस वर्षे न्यायालयांना पुरला.

त्यातला एक महत्त्वाचा खटला मुंबई राज्यातलाच होता. परमिटाविना आलेल्या व्यक्तीला देशाबाहेर काढण्याचा अधिकार 1949 च्या कायद्याने केंद्र सरकारला दिला होता, मग ती व्यक्ती भारतीय नागरिक असली तरीही. 1954 मध्ये इब्राहिम वझीर मावत विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने हे कलम नागरिकांपुरते रद्द ठरवले: नागरिकाला देशात कुठेही राहण्याचा मूलभूत हक्क आहे, आणि परमिट न घेणे हा फार तर गुन्हा होईल, हद्दपारीचे कारण नव्हे. निकाल स्वच्छ होता, पण तोवर परमिटांचा काळच संपला होता.

15 ऑक्टोबर 1952 पासून दोन्ही देशांत परमिटाऐवजी पासपोर्ट आणि व्हिसा लागू झाले. भारताने यासाठी केवळ भारत-पाकिस्तान प्रवासापुरता चालणारा खास पासपोर्ट काढला. तो घेऊन लंडनला जाता येत नसे. कागद सुटसुटीत झाला, कोंडी मात्र वाढली. तात्पुरत्या परमिटावर कराचीत गेलेला आणि तिथे अडकलेला माणूस आता परतायचा कसा? भारतीय पासपोर्ट मिळवायला नागरिकत्व सिद्ध करावे लागे. पाकिस्तानी पासपोर्ट लवकर हाती येई. अनेकांनी तो काढला, त्यावर भारतीय व्हिसा घेतला आणि मुंबईच्या गाडीत बसले. घरी पोहोचण्याची एवढीच एक वाट, असे त्यांना वाटले. 1956 च्या नागरिकत्व नियमांनी परदेशी पासपोर्ट घेणे हा परदेशी नागरिकत्व स्वखुशीने पत्करल्याचा निर्णायक पुरावा ठरवला आणि 1962 मध्ये इझहार अहमद खान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो नियम उचलून धरला. अर्जाखाली सही करताना माणसाच्या मनात काय होते, हे विचारायची सोयच उरली नाही. या सबंध इतिहासातला सर्वांत कठोर नियम कोणता, तर हाच म्हणावा लागेल.

दरम्यान भारतात पासपोर्ट देणारी यंत्रणा आकार घेत होती. 1954 मध्ये पहिली पाच विभागीय पासपोर्ट कार्यालये निघाली: मुंबई, कलकत्ता, दिल्ली, मद्रास आणि नागपूर. पण पासपोर्ट द्यायचा की नाही, कोणत्या देशाचा शेरा मारायचा, हे सरकारच्या मर्जीवर होते. त्याला कायद्याचा आधार नव्हता. एप्रिल 1967 मध्ये सतवंत सिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचे सांगितले आणि कायद्याविना पासपोर्ट नाकारता येणार नाही असा निकाल दिला. घाईने वटहुकूम निघाला आणि 24 जून 1967 ला पासपोर्ट कायदा झाला. एखाद्या देशातील व्यक्तीच्या उपस्थितीमुळे भारताच्या सुरक्षेला किंवा त्या देशाशी असलेल्या मैत्रीला बाधा येत असेल, तर त्या देशाचा शेरा नाकारण्याची मुभा या कायद्याने ठेवली. ती आजही आहे. मनेका गांधी यांच्या 1978 च्या खटल्यानंतर नाकारण्याची कार्यपद्धतीही न्याय्य असावी, एवढी भर पडली.

नया नगर उभे राहिले तेव्हा पाकिस्तानला जाणे पुन्हा शक्य झाले होते. 1965 च्या युद्धाने मुनाबाव-खोखरापार रेल्वे बंद पाडली होती, 1971 च्या युद्धाने संबंधच तुटले होते. सप्टेंबर 1974 मध्ये व्हिसाचा करार झाला आणि जुलै 1976 मध्ये अमृतसर-लाहोर समझौता एक्स्प्रेस सुटली. आता अडचण भारतीय शेऱ्याची कमी आणि पाकिस्तानी व्हिसाची जास्त होती. 1994 मध्ये मुंबईतली पाकिस्तानी आणि कराचीतली भारतीय अशा दोन्ही वकिलाती बंद झाल्या. त्यानंतर मीरा रोडच्या अर्जदारालाही दिल्लीला चाणक्यपुरीत उभे राहावे लागू लागले.

अर्जात जायच्या शहरांची नावे एकेक करून द्यावी लागत, कारण व्हिसा देशाचा नसे, शहरांचा असे. कराचीचा व्हिसा असलेल्याने वाटेतल्या, सिंधमधल्या हैदराबादला मावशीकडे उतरणे हा गुन्हा. प्रवेशाचे ठिकाण, बाहेर पडण्याचे ठिकाण, प्रवासाचे साधन हे सगळे आधीच लिहायचे आणि बदलायचे नाही. तिथल्या नातेवाइकाचे बोलावणे आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत जोडायची. पोहोचल्यावर चोवीस तासांत पोलिसांकडे नोंद, निघताना पुन्हा नोंद. लग्नाला आलेल्या पाहुण्याचा एक अख्खा दिवस त्यातच जाई. कराचीहून इकडे येणाऱ्याची गतही हीच. शिवाय भारतीय व्हिसाच्या अर्जात आईवडील किंवा आजी-आजोबा कधी पाकिस्तानी नागरिक होते का, हेही विचारले जाते. 1948 च्या प्रश्नाने अर्जदारांच्या तिसऱ्या पिढीचाही पिच्छा सोडलेला नाही.

वाटही उलटी होती. मुंबई ते कराची समुद्रमार्गे नऊशे किलोमीटरच्या आसपास. रेल्वेने जायचे तर बोरिवलीला पश्चिम एक्स्प्रेस पकडून अमृतसर, तिथून अटारी, लाहोर आणि मग लाहोरहून खाली कराची: तीन हजार किलोमीटरहून अधिक. फेब्रुवारी 2006 मध्ये थार एक्स्प्रेसने मुनाबावचा मार्ग एक्केचाळीस वर्षांनी उघडला, तेव्हा कराचीचे नातेवाईक असलेल्यांचा हा वळसा वाचला.

याच काळात आणखी एक देश भारतीय पासपोर्टावरच्या अपवादांच्या यादीत आला. जुलै 2004 मध्ये इराकात भारतीय ट्रकचालकांचे अपहरण झाले आणि भारताने तिथे कामगार जाण्यावर बंदी घातली. पासपोर्टांवर 'इराकसाठी वैध नाही' असे शिक्के पडू लागले. नियमाचे लक्ष्य मजूर होता. मीरा रोडच्या शिया कुटुंबांना मात्र नजफ आणि करबलाच्या जियारतीला जायचे होते, आणि शिक्का मजूर कोण, यात्रेकरू कोण हे ओळखत नाही. ही बंदी 2010 मध्ये उठली. 2014 मध्ये इराकातले मोसुल शहर 'इस्लामिक स्टेट'च्या हाती पडल्यावर निर्बंध परत आले आणि पुढे टप्प्याटप्प्याने सैल झाले.

सप्टेंबर 2012 च्या भारत-पाकिस्तान व्हिसा कराराने शहरांची मर्यादा तीनवरून पाचवर नेली आणि 65 वर्षांवरील प्रवाशांना अटारी-वाघा सीमेवर पोहोचल्यावर व्हिसा देण्याचे ठरवले. ती योजना 15 जानेवारी 2013 ला सुरू व्हायची होती. नियंत्रण रेषेवरच्या चकमकींमुळे त्याच दिवशी ती पुढे ढकलली गेली. ऑगस्ट 2019 मध्ये समझौता आणि थार या दोन्ही गाड्या थांबल्या. पहलगाममधील हल्ल्यानंतर एप्रिल 2025 मध्ये भारताने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द केले, अटारीची तपासणी चौकी बंद केली आणि भारतीयांना पाकिस्तानला जाऊ नये असा सल्ला दिला. दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपले आकाशही बंद केले.

आजच्या पासपोर्टात देशांचे ते पान नाही. 2020 पर्यंत ठाणे ग्रामीण पोलिसांकडे असलेली पडताळणी आता मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयाकडे आहे. नया नगर पोलीस ठाण्यात अर्जदाराला कोणत्या देशात जायचे हे कोणी विचारत नाही. पत्ता, जन्मतारीख आणि गुन्ह्याची नोंद तपासली जाते. कराचीतले आणि मीरा रोडचे भाऊबंद भेटायचे ठरवतात तेव्हा ठिकाण बहुधा दुबई किंवा मक्का असते, कारण तिथला व्हिसा दोन्ही बाजूंना मिळू शकतो.