रू द्यू ब्वाचा पाद्री

पहिल्या महायुद्धाच्या काळात निघालेल्या चित्रांपैकी एक चित्र आयर्लंडमध्ये बरीच वर्षे घराघरांत टांगलेले असे. संध्याकाळची वेळ, तोफांनी झोडपलेली झाडे, रस्त्याकडेला एक पडके प्रार्थनास्थळ. समोर टोप्या काढून उभे असलेले शेकडो शिपाई आणि त्यांच्यापुढे घोड्यावर बसलेला, गळ्यात पट्टा घातलेला, उजवा हात उंचावलेला एक तरुण कॅथलिक धर्मगुरू. हा धर्मगुरू म्हणजे फादर फ्रान्सिस ग्लीसन. शिपाई रॉयल मन्स्टर फ्युजिलिअर्सच्या दुसऱ्या बटालियनचे. स्थळ फ्रान्समधील रू द्यू ब्वा हा रस्ता आणि दिवस ८ मे १९१५, म्हणजे ऑबर्स रिजच्या लढाईची पूर्वसंध्या. फॉर्च्युनिनो मातानिया या इटालियन चित्रकाराने काढलेले हे चित्र १९१६ मध्ये लंडनच्या 'द स्फिअर' या सचित्र साप्ताहिकात आले आणि ग्लीसन हे नाव त्या चित्राला कायमचे चिकटले.

चित्रातल्या विधीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. कॅथलिक माणूस एरवी धर्मगुरूपाशी एकांतात पापनिवेदन करतो आणि मग त्याला क्षमा मिळते. गोव्याकडे यालाच कुमसार म्हणतात. पण मरण समोर असेल आणि प्रत्येकाचे ऐकून घ्यायला वेळ नसेल, तर धर्मगुरू सर्वांना एकत्रितपणे पापमुक्ती देऊ शकतो. म्हणजे समोरच्या माणसांपैकी कित्येकजण उद्या नसणार, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला न सांगता कळत होते. ते खरेही ठरले. ९ मेच्या सकाळी जेमतेम चाळीस मिनिटांच्या तोफमाऱ्यानंतर पायदळ पुढे सोडण्यात आले. जर्मन काटेरी तारा बहुतांशी शाबूत होत्या, मशिनगनही. त्या एका दिवसात ब्रिटिश बाजूचे अकरा हजारांहून अधिक सैनिक मेले, जखमी झाले वा बेपत्ता झाले. शत्रूच्या बांधापर्यंत पोचलेल्या थोड्यांमध्ये मन्स्टर्सचे लोक होते, आणि मेलेल्यांत त्यांचे कर्नल व्हिक्टर रिकर्ड.

आता या चित्राकडे पुरावा म्हणून पाहायचे तर प्रश्न सुरू होतात. ते काढवून घेतले कर्नल रिकर्ड यांच्या पत्नीने. त्या कादंबरीकार होत्या, आणि मन्स्टर्सच्या लढायांवर त्यांनी पुस्तकही लिहिले. प्रसंगाच्या वेळी त्या तिथे नव्हत्या, मातानियाही नव्हता. घोड्यावरच्या कर्नलला चित्रात जी जागा मिळाली आहे, तिच्यात वैधव्याचा वाटा किती आणि माहितीचा किती, हे वेगळे करता येत नाही. याचा अर्थ प्रसंग घडलाच नाही असा नव्हे. विधी झाला याबद्दल शंका घ्यायचे कारण नाही. पण आपण जे पाहतो ते एका विधवेने एका चित्रकाराकडून करवून घेतलेले स्मारक आहे, एवढे भान ठेवावे लागते. मूळ चित्र तर उरलेलेच नाही. १९४० च्या जर्मन बॉम्बहल्ल्यात ते नष्ट झाले असे मानतात. शिल्लक आहेत त्या छापील प्रती.

याच १९४० च्या आगीने या विषयाच्या अभ्यासकाचे आणखी मोठे नुकसान केले. लंडनच्या आर्नसाइड स्ट्रीटवर ब्रिटिश युद्धखात्याचे दप्तर होते. सप्टेंबर १९४० मध्ये त्यावर बॉम्ब पडला आणि पहिल्या महायुद्धातील साध्या शिपायांच्या सेवापुस्तिकांपैकी निम्म्याहून अधिक जळून गेल्या. लष्करी धर्मगुरूंना अधिकाऱ्याचा दर्जा असे. चौथ्या श्रेणीचा चॅप्लेन म्हणजे पगाराने आणि मानाने कॅप्टन. त्यामुळे त्यांचा शोध अधिकाऱ्यांच्या फायलींत घ्यायचा असतो. पण त्या फायलींतूनही पुष्कळ कागद काढून टाकलेले आहेत. हाती लागते ते म्हणजे नेमणूक, मुदत, पदक, फार तर आजारपणाची रजा. बटालियनच्या युद्धरोजनिशीत तरी काही सापडेल म्हणावे, तर ती लिहिणारा अ‍ॅड्ज्युटंट खंदक, काडतुसे आणि मृतांचे आकडे यांची नोंद करतो. पाद्री त्या हिशेबात बसत नाही. तो बटालियनबरोबर राहतो, पण बटालियनचा नसतो. (इंग्रज शिपाई आपल्या चॅप्लेनला 'पाद्रे' म्हणतात. हा पोर्तुगीज शब्द त्यांनी हिंदुस्थानातून नेला असे मानले जाते. आपण दिलेले काही शब्द असे दूरवर जाऊन बसतात.)

एक साधी बाब मात्र अशा कागदांतून नीट कळते, आणि ती कळली नाही तर गैरसमज होतात. युद्धकाळातील चॅप्लेनची नेमणूक साधारणपणे एका वर्षाच्या कराराने होई. ग्लीसन नोव्हेंबर १९१४ मध्ये रुजू झाले आणि वर्षभराने डब्लिनला परतले, यात पळ काढणे नव्हते की हकालपट्टीही नव्हती. १९१७ मध्ये ते पुन्हा लष्करात गेले. युद्धारंभी संपूर्ण ब्रिटिश सैन्यात कॅथलिक चॅप्लेन होते सतरा. युद्ध संपताना ही संख्या साडेसहाशेच्या आसपास गेली होती. हे सगळे असेच येणारे-जाणारे, आपल्या पॅरिशमधून उसने घेतलेले लोक.

अधिकृत कागद जिथे गप्प बसतात तिथे दंतकथा बोलू लागते. ग्लीसन यांच्याबद्दलची सर्वांत प्रसिद्ध दंतकथा रॉबर्ट ग्रेव्हज या कवीने आपल्या 'गुडबाय टू ऑल दॅट' (१९२९) या आत्मकथनात सांगितली आहे. ईप्रच्या पहिल्या लढाईत मन्स्टर्सचे सगळे अधिकारी पडले, तेव्हा ग्लीसन यांनी आपली धर्मगुरूची चिन्हे उपटून टाकली, उरलेल्यांचे नेतृत्व हाती घेतले आणि मोर्चा राखला, अशी ती गोष्ट. ऐकायला झकास आहे. पण ईप्रची पहिली लढाई ऑक्टोबर १९१४ मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात संपली. नोव्हेंबरमध्ये नेमणूक मिळालेल्या माणसाला या पराक्रमासाठी वेळ काढणे कठीण आहे. शिवाय १९०६ च्या जिनिव्हा करारानुसार चॅप्लेन हा निःशस्त्र, संरक्षित माणूस. चिन्हे उपटण्याचा तपशील कथेत आला आहे तो बहुधा ही अडचण सांगणाऱ्याच्या लक्षात आली म्हणूनच.

मग ग्रेव्हजने थाप मारली काय? मला तसे वाटत नाही. ग्रेव्हज फ्रान्समध्ये पोचला मे १९१५ मध्ये, आणि आरंभी तो वेल्श रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनशी जोडला गेला. ही बटालियन आणि मन्स्टर्स एकाच ब्रिगेडमधल्या, शेजारी-शेजारी लढणाऱ्या. ऑगस्ट १९१४ मध्ये एत्रू येथे मन्स्टर्सची बटालियन जवळपास संपली होती. उरलेल्या मूठभरांत अधिकारी फार थोडे होते, ही गोष्ट खरीच होती. तिला नऊ महिन्यांत ग्लीसन येऊन चिकटले असावेत. म्हणजे ग्रेव्हजने आपल्याला घटना सांगितली नाही, पण शेजारच्या खंदकात या पाद्र्याबद्दल काय बोलले जात होते ते सांगितले; आणि तेही नोंदण्यासारखे आहेच. त्याच ओघात त्याने कॅथलिक पाद्री शूर आणि अँग्लिकन पाद्री भित्रे अशी विभागणीही करून टाकली. ती मात्र टिकत नाही. त्या युद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले मेलिश, अ‍ॅडिसन आणि हार्डी हे तिन्ही चॅप्लेन अँग्लिकन होते. आरंभीच्या काळात अँग्लिकनांना पुढच्या खंदकांत जाण्यापासून वरिष्ठांनीच रोखले होते, हे ग्रेव्हजच्या वाचकाला कळत नाही.

या सगळ्यापेक्षा मोलाचे आहेत ते ग्लीसन यांचे स्वतःचे कागद. डब्लिनच्या धर्मप्रांताच्या दप्तरात ते राहिले, आणि अलीकडे त्यांच्या प्रतिमा सर्वांना पाहता येऊ लागल्या आहेत. त्यात रोजनिशी आहे. ९ मेच्या रात्रीची नोंद विजयाची नाही की धर्माचीही फारशी नाही. थंड पडवीत पडलेल्या जखमींना हलवण्याची, धीर देण्याची आहे. सैनिकांची नावे, घरचे पत्ते, कोणाला कुठे पुरले याच्या खुणा दाखवणारे हाताने काढलेले नकाशे आहेत. ल तुरे येथील स्मारकावर, ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा या भागातील तेरा हजार चारशेंहून अधिक सैनिकांची नावे कोरलेली आहेत. ती यादी डोळ्यांपुढे ठेवली म्हणजे पेन्सिलीने काढलेल्या त्या नकाशांची किंमत कळते.

आणि आहेत पत्रे. मन्स्टर प्रांतातल्या आया, बायका, बहिणी यांनी लिहिलेली. माझा मुलगा कसा गेला, त्याला शेवटी धर्मगुरू भेटला का, त्याच्या खिशात काही सापडले का, तो खरोखरच गेला का. ग्लीसन यांनी उत्तरे लिहिली. पण ती ज्या घरी गेली तिथे राहिली, काही जपली गेली असतील, बहुतेक नसतील. त्यामुळे अभ्यासकाच्या हाती संवादाची एकच बाजू येते. त्यांनी काय लिहिले ते घरच्यांच्या आभारपत्रांवरून ताडावे लागते. आईला शांत मरणाचे आश्वासन मिळाले हे तिच्या पत्रावरून कळते. मरण शांत होते की नाही हे त्यावरून ठरवता येत नाही. इथे चॅप्लेनचा इतिहास लिहिणाऱ्याने थांबावे असे माझे मत आहे. एका थकलेल्या तिशीतल्या धर्मगुरूने रात्री मेणबत्तीच्या उजेडात कोणाला किती सत्य सांगितले, याची झाडाझडती घेण्यात काही साधत नाही.

थोडे विषयांतर. ९ मेच्या त्याच हल्ल्यात मन्स्टर्सच्या डिव्हिजनशेजारी हिंदुस्थानी कोअरची मेरठ डिव्हिजन होती. याच परिसरात, नव्ह शापेल येथे, २८ ऑक्टोबर १९१४ रोजी पुण्याजवळच्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या दोन कंपन्या जवळजवळ कापल्या गेल्या होत्या. आयरिश शिपायाचे दुःख पाद्र्याच्या पेटीत जपले गेले. आपल्या शिपायांच्या पत्रांचे आज जे काही वाचायला मिळते ते मुख्यतः लष्करी सेन्सॉरने करून ठेवलेल्या इंग्रजी उताऱ्यांमुळे. एकीकडे विश्वासाने लिहिलेला शब्द उरला, दुसरीकडे पाळत ठेवणाऱ्याने उतरवून घेतलेला.

युद्धानंतरच्या आयर्लंडला ग्लीसन यांची आठवण गैरसोयीची होती. १९१६ च्या उठावानंतर इंग्रजांच्या गणवेशात लढलेल्यांबद्दल बोलणे अवघड झाले. मन्स्टर फ्युजिलिअर्स ही रेजिमेंटच १९२२ मध्ये मोडीत निघाली. ग्लीसन यांनी त्यानंतरच्या यादवीत नव्या राज्याच्या सैन्याचे चॅप्लेनपद सांभाळले, आणि पुढे डब्लिनच्या गरीब वस्त्यांत पॅरिशचे काम केले. १९५९ मध्ये ते वारले. पत्रे त्यांनी टाकून दिली नव्हती.