करड्या पाईपची कुळकथा

वाकोल्यात रिक्षावाल्याला नुसतं ‘पाईपलाईन’ म्हटलं तरी पुरतं. ज्या अवजड जलवाहिन्यांमुळे हा पत्ता झाला, त्या लोखंडी वंशाच्या. पण त्यांचं पाणी इमारतीत शिरून, वापरून झाल्यावर मोरी-संडासाच्या वाटेने बाहेर पडतं ते आता बहुतेक ठिकाणी पीव्हीसीतून. इथल्या एखाद्या बिनलिफ्टच्या जुन्या चारमजली इमारतीच्या मागच्या अंगाला गेलं, की पाईपांच्या तीन पिढ्या एकाच भिंतीवर दिसतात: काळा बिडाचा, पांढुरका ए.सी.चा आणि दुरुस्तीत मध्येच घातलेला करडा पीव्हीसीचा.

बिडाचा पाईप हा घराण्यातला थोरला. त्याचा सांधा करणं हे कसबी माणसाचं काम होतं. एका पाईपचं टोक दुसऱ्याच्या रुंद तोंडात बसवायचं, फटीत ताग ठोकून भरायचा, वर वितळलेलं शिसं ओतायचं आणि थंड झाल्यावर छिन्नीने चेपायचं. पिण्याच्या पाण्याला जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाईप होता. त्याला आटे पाडायचे, ताग गुंडाळायचा, सफेदा लावायचा. हा सफेदाही मूळचा शिशाचाच. जीआय आतून गंजत जाई, भोक बारीक होई आणि वरच्या मजल्याच्या नळाला करंगळीएवढी धार येई. झोपडपट्टीत हेच बारीक पाईप गटारातून गेलेले असत. पाणी ठरावीक वेळेपुरतंच येणार. ते बंद झालं की गंजलेल्या भोकातून गटाराचं पाणी आत शिरे.

मधला भाऊ ए.सी., म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचा. तो मुंबईला परका नव्हता; 1930च्या दशकातच मुलुंडला त्याचा कारखाना उभा राहिला होता. स्वस्त, न गंजणारा, म्हणून पावसाळी पाण्यासाठी तो भिंतीभिंतीवर चढला. त्याच्या धुळीतले तंतू फुप्फुसात जाऊन काय करतात, हे सर्वांना कळेपर्यंत तो सगळीकडे पोहोचला होता.

पीव्हीसीची पाळंमुळं याहून जुनी. 1835 साली आंरी व्हिक्टर रेन्यो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने व्हिनाइल क्लोराइड हा वायू तयार केला. 1872 साली ऑयगेन बाउमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला उन्हात राहिलेल्या चंबूत त्याचा पांढरा घट्ट पदार्थ, म्हणजेच पीव्हीसी, झालेला दिसला. त्याचं करायचं काय, हे कोणालाच सुचेना. फ्रिट्झ क्लाटे याने 1913 साली पेटंट घेतलं, तरी धंदा जमला नाही. 1926 साली अमेरिकेत वाल्डो सेमन याने त्यात मऊपणा आणणारी द्रव्यं मिसळली आणि मग वायरीचं आवरण, रेक्झिन, पडदे असा त्याचा संसार वाढला. कडक पीव्हीसीचे पाईप जर्मनीत 1930च्या दशकात जमिनीत पुरले गेले. त्यांतले काही कित्येक दशकांनी उकरले, तेव्हाही चांगल्या स्थितीत सापडले.

या मालाला कारखानदारांनी उचलून धरलं, त्यामागे मीठ आहे. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की कॉस्टिक सोडा मिळतो. तो साबणाला, कापडाला, कागदाला हवाच असतो. पण त्याच्याबरोबर क्लोरीनही निघतो, आणि हा विषारी वायू साठवून ठेवणं अवघड. पीव्हीसीच्या वजनात सुमारे 57 टक्के क्लोरीनच असतो, बाकीचा भाग पेट्रोलियमकडून येतो. क्लोरीनला घर मिळालं, प्लास्टिकला खनिज तेल कमी लागलं.

भारतात पीव्हीसीचं उत्पादन 1961 साली सुरू झालं, तेही वाकोल्यापासून फार लांब नाही. अहमदाबादच्या कॅलिको मिलने चेंबूरला त्याचा कारखाना काढला. आज सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याने गेलं तर हे जन्मगाव हाकेच्या अंतरावर आहे. 1968 साली पाण्याच्या पीव्हीसी पाईपसाठी आयएस 4985 हे भारतीय मानक आलं. तरी महाराष्ट्रात या पाईपला पहिला मोठा आश्रय दिला तो शेतकऱ्याने. विहिरीचं पाणी वरच्या रानात न्यायला हलका, दोघांना अंथरता येणारा पाईप त्याला हवाच होता. जळगावात भवरलाल जैन यांनी 1980 साली पीव्हीसी पाईपचं काम सुरू केलं. पुण्याच्या फिनोलेक्सने 1994 साली रत्नागिरीजवळ समुद्रकाठी पीव्हीसीचाच कारखाना काढला. सांडपाण्याच्या आणि पावसाळी पाईपचं स्वतंत्र मानक, आयएस 13592, आलं 1992 साली. त्यानंतर इमारतीतून बीड झपाट्याने मागे हटलं.

कारण नुसती किंमत नव्हती. पीव्हीसीचा सांधा पाहा. पाईप करवतीने सरळ कापायचा, कड घासायची, फडक्याने पुसायची. टोकाला बाहेरून आणि कपलरला आतून सोल्व्हंट लावायचं, पाईप आत दाबत थोडा पिळायचा आणि अर्धा मिनिट तसाच धरायचा. सोल्व्हंट दोन्ही पृष्ठभाग विरघळवतं आणि ते एकजीव होतात. भट्टी नाही, शिसं नाही, आटे नाहीत. नहाणी ट्रॅपपासून गच्चीवरच्या काउलपर्यंतचं काम एक प्लंबर आणि एक हेल्पर उरकतात. उणिवाही आहेतच. ऊन खाऊन पाईप खडूसारखा पांढरा आणि ठिसूळ होतो. उकळत्या पाण्याला तो नरमतो, म्हणून गीझरच्या लाईनला सीपीव्हीसी लागतो. आग लागली तर त्याच्या धुरात हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ असते.

आणि शिसं? ते सांध्यातून गेलं, ते थेट पाईपच्या अंगात येऊन बसलं. पीव्हीसी तापवून साच्यातून काढताना करपू नये म्हणून त्यात स्थिरक घालावा लागतो, आणि स्वस्त स्थिरक शिशाचा. पाण्यात ते उतरू शकतं, हा वाद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. अखेर 2021 साली केंद्र सरकारने पाईपमधल्या शिशाच्या स्थिरकावर नियम केले. कॅल्शियम-जस्ताचे पर्याय होतेच. फक्त थोडे महाग. कारखान्यातल्या कामगाराने मोजलेली किंमत त्याआधीच कळली होती: 1974 साली अमेरिकेतल्या लुईव्हिलमध्ये व्हिनाइल क्लोराइड हाताळणाऱ्या कामगारांत यकृताचा दुर्मिळ कर्करोग उघड झाला. तयार पाईपमध्ये हा वायू बांधला गेलेला असतो. धोका बनवताना आणि जाळताना.

तेव्हा हा पाईप टिकाऊ आहे का, हा प्रश्न अर्धाच आहे. तो टिकतो, वाकोल्यातल्या इमारती टिकत नाहीत. चाळीस-पन्नास वर्षांत सोसायटी पुनर्विकासाला जाते. पाडकामात बीड वजनावर विकलं जातं, त्याला भाव असतो. पीव्हीसीला भाव कमी, म्हणून तो तुकडे होऊन डेब्रिजमध्ये जातो, नाहीतर कुठेतरी जळतो आणि डायॉक्सिन हवेत सोडतो. वास्तविक कडक पीव्हीसी दळून पुन्हा वापरता येतो. मात्र जुन्या शिसेवाल्या मालाचा चुरा पिण्याच्या पाण्याच्या पाईपात मिसळता कामा नये, म्हणून तो आधी वेगळा काढावा लागतो.

हे काम सोसायटीच्या हातात आहे. नव्या इमारतीच्या करारात आपण पार्किंग आणि कार्पेट एरिया डोळ्यांत तेल घालून वाचतो. त्यातच दोन ओळी वाढवाव्यात: पाईप आयएसआय मार्कचे, शिसेमुक्त असावेत आणि भिंतीत पुरण्याऐवजी उघडता येईल अशा डक्टमधून जावेत, जुन्या इमारतीतलं पीव्हीसी वेगळं काढून पुनर्वापर करणाऱ्याला द्यावं. शंभर वर्षं टिकू शकणारी वस्तू चाळीस वर्षांत फेकायची असेल, तर तिचा टिकाऊपणा पुढच्या पिढीच्या डोक्यावरचा कचरा ठरतो.