मुलांची पुस्तके, मोठ्यांची वाचनालये

मराठीत मुलांसाठी पुस्तक आधी छापले गेले. मुलांना आत घेणारे वाचनालय बऱ्याच उशिरा आले. नवी मुंबईतल्या शाळकरी मुलाच्या हातातल्या गोष्टीच्या पुस्तकाचा मागोवा घ्यायचा, तर आपल्याला आधी तंजावर गाठावे लागते. तिथे 1806 साली सरफोजी राजांच्या छापखान्यात इसापच्या कथांचे मराठी रूप ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने छापून निघाले. मराठी मुद्रणाची बाळपावले अशी बाळगोष्टींतच पडली. पुढे 1828 मध्ये मुंबईत सदाशिव काशिनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ आले. बर्किन या फ्रेंच लेखकाचे पुस्तक इंग्रजीच्या वाटेने मराठीत उतरले होते. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालयही आपली स्थापना 1828 चीच सांगते. साल एक असले, तरी मुलांचे पुस्तक आणि सार्वजनिक वाचनालय यांची गाठ पडायला अजून पुष्कळ अवकाश होता.

त्या काळची वाचनालये म्हणजे ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’. तिथे येणारे कोण, तर कारकून, वकील, मास्तर, पेन्शनर. आपल्या खाडीच्या परिसरात कल्याणचे सार्वजनिक वाचनालय 1864 मध्ये निघाले. 1 जून 1893 रोजी ठाण्यात विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठी ग्रंथ संग्रहालय उघडले. पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे भावे ते हेच. मराठीत छापलेले जमेल तेवढे पुस्तक मिळवून जपायचे, ही त्यांची कल्पना त्या दिवसांत धाडसाचीच म्हणायला हवी. आजच्या नवी मुंबई महापालिकेचा भाग याच ठाणे जिल्ह्यात मोडतो, तेव्हा या शहराच्या वाचनालयांचे मूळ घर खाडीपलीकडे ठाण्यातच शोधावे लागते. मुलांच्या वाट्याला मात्र तेव्हा आली ती मासिके. विनायक कोंडदेव ओकांचे ‘बालबोध’ 1881 पासून, वासुदेव गोविंद आपट्यांचे ‘आनंद’ 1906 पासून. अंक घरी येई एकाच्या आणि वाचून होई साऱ्या आळीचा. देवाणघेवाणीची ही रीत कोणत्याही संस्थेने शिकवलेली नव्हती.

खरे वळण मिळाले ते बडोद्यात. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावातून दत्तक गेलेल्या सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून घेतले. बॉर्डन तीन वर्षे राहिले. तेवढ्यात त्यांनी संस्थानभर मोफत वाचनालयांची घडी बसवली, मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांच्या दालनाला जागा मिळाली, आणि जिथे वाचनालय नव्हते त्या गावांकडे लाकडी पेट्यांतून पुस्तके निघाली. वाचकाने पुस्तकाकडे जायचे, हा शिरस्ता या पेट्यांनी उलटा केला. आपल्या ग्रंथालयांच्या इतिहासात याहून मोठी कल्पना झाली नाही, असे मला वाटते.

महाराष्ट्राने 1967 मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. वाचनालय चालवायचे संस्थेने, अनुदान द्यायचे सरकारने आणि ते ठरायचे अ, ब, क, ड या वर्गांवरून, अशी ही व्यवस्था. ग्रंथालयासाठी वेगळा कर मात्र या कायद्यात नाही, आणि त्याची झळ लहान वाचनालयांना बसत आली आहे. मार्च 1970 मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली, आणि पुढच्याच वर्षी ‘बालभारती’ने ‘किशोर’ सुरू केले. वाशीला राहायला आलेल्या पहिल्या पिढीची मुले या मासिकाच्याच वयाची. पंचाण्णव गावांच्या जमिनीवर आखलेल्या या शहराला कल्याण-ठाण्यासारखे शंभरी उलटलेले वाचनालय कुठून असणार? पण वाशीच्या सेक्टर 6 मध्ये साहित्य मंदिर उभे राहिले, आणि अलीकडे महापालिकेने ऐरोलीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मारकात ग्रंथालय केले. ज्यांनी ‘राजगृह’ हे आपले घर पुस्तकांसाठी बांधले, त्यांच्या स्मारकात ते असणे उचितच.

बडोद्याची पेटीही परत फिरली. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानातून विनायक रानडे यांनी 2009 मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केले. शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या एका गटाकडे येते, वाचून झाली की दुसऱ्या गटाकडे जाते. पुढे मुलांसाठीही अशा पेट्या निघाल्या. नवी मुंबईच्या गृहनिर्माण संस्थांना ही रीत सहज जमण्यासारखी आहे. कार्यालयात एक कपाट रिकामे करावे, घरोघरी वाचून झालेली मुलांची पुस्तके त्यात ठेवावीत, आणि देवघेवीची वही मुलांच्याच हाती द्यावी. एखाद्या सुट्टीत त्यांना वाशीहून ठाण्याच्या लोकलमध्ये बसवून भाव्यांचे संग्रहालयही दाखवून आणावे.