अनुमत स्फोटके

भूमिगत कोळसा खाणीत सुरुंग उडवण्यासाठी चाचणीनंतर मान्यता दिलेली स्फोटके. कोळसा फोडण्याइतकी ताकद ठेवून त्यांची ज्वाला व उष्णता मुद्दाम कमी केलेली असते.

कोळशाच्या थरातून मिथेन वायू झिरपत असतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे ५ ते १५ टक्के झाले, की ठिणगीनेही स्फोट होतो. त्या धक्क्याने उधळलेली कोळसापूड पेटते आणि आग बोगद्याबोगद्यांतून पसरत जाते. फ्रान्समधील कुरियेर येथे १० मार्च १९०६ रोजी अशा स्फोटात १,०९९ जण मृत्युमुखी पडले. भारतात धोरी खाणीत २८ मे १९६५ रोजी २६८.

या स्फोटकांमागचे तत्त्व मोठे सुंदर आहे. तप्त ज्वालेचा स्पर्श झाला, तरी मिथेन पेट घ्यायला किंचित वेळ लावतो. ज्वाला जितकी थंड तितका हा अवधी जास्त. तो संपण्याआधीच ती विझली पाहिजे. म्हणून स्फोटकात साधे मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, मिसळतात. ते उष्णता शोषून घेते. त्यामुळे ताकद घटते, पण ती घट पत्करावीच लागते. मालार आणि ल शातलिए यांच्या संशोधनावरून फ्रान्सने १८९० मध्ये कोळशातील सुरुंगांसाठी स्फोट-तापमानाची मर्यादा १,५०० अंश सेल्सिअस ठरवली.

भारतात धनबादची केंद्रीय खनन व इंधन संशोधन संस्था या स्फोटकांची मिथेनमिश्रित हवेत चाचणी घेते. वापराची परवानगी खाण सुरक्षा महासंचालनालय देते. यंत्राने खाच पाडलेल्या कोळशासाठी पी-१ व पी-३, तर खाच न पाडता थेट सुरुंग लावायचा असल्यास पी-५ हा अधिक सुरक्षित प्रकार वापरतात. डिटोनेटरचे कवच तांब्याचे असते, कारण ॲल्युमिनियमचे जळते कण वायू पेटवू शकतात.

तरीही मान्यतेचा शिक्का म्हणजे अभय नव्हे. छिद्राचे तोंड ओल्या मातीने नीट ठासले नाही, तर ज्वाला बाहेर फेकली जाते आणि मिठाचा उपयोग अपुरा पडतो. त्यामुळे सुरुंग उडवणाऱ्या शॉटफायररने त्याआधी वायू तपासणे आणि आसपासच्या कोळसापुडीवर दगडपूड पसरणे बंधनकारक असते. वायू आढळल्यास सुरुंग उडवत नाहीत.