पिला हाऊस: मुंबईच्या करमणुकीचा पत्ता कसा बदलत गेला?

१/ मुंबईत ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेला ‘पिला हाऊस’ नावाचा एक परिसर आहे. या नावाचा पिवळ्या रंगाशी काहीही संबंध नाही. ‘प्ले हाऊस’ म्हणजे नाट्यगृह. लोकांच्या तोंडी रुळता रुळता त्याचे ‘पिला हाऊस’ झाले. आज हे नाव घेताना अनेकजण आवाज खाली आणतात. मात्र मराठी, गुजराती आणि हिंदुस्थानी रंगभूमीला मुंबईत पहिला तिकीट काढणारा प्रेक्षक मिळाला तो याच भागात. हा धागा त्या पत्त्याविषयी. #धागा

२/ वाढत्या शहराच्या मध्यभागी बाजारपेठा आणि करमणुकीची ठिकाणे नेमकी कुठे उभी राहतात? ती जागा कोण ठरवते? सरकार, जमीनमालक की प्रेक्षक? १७७० च्या दशकापासून १९३८ पर्यंत मुंबईतील नाट्यगृहांचा मुक्काम कसकसा हलत गेला, हे पाहिले की या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मिळते.

३/ सुरुवात कोटापासून करू. तटबंदीच्या आतली मुंबई म्हणजे ‘कोट’, आजचा फोर्ट. त्याच्या मध्यभागी ‘बॉम्बे ग्रीन’ नावाचे मोकळे मैदान होते. आज तिथे हॉर्निमन सर्कल आहे. मैदानालगत सेंट थॉमस चर्च होते आणि मैदानावर विक्रीच्या कापसाचे ढीग रचलेले असत. याच मैदानावर १७७० च्या दशकात वर्गणीतून ‘बॉम्बे थिएटर’ उभे राहिले. तेथील नट हौशी इंग्रज आणि प्रेक्षकही प्रामुख्याने इंग्रजच. देवळा-बाजाराच्या शेजारी करमणूक असावी, ही आपल्या गावांची रीत येथेही दिसते; फक्त देवळाच्या जागी चर्च होते.

४/ हौशी मंडळींच्या बळावर नाट्यगृह फार काळ चालत नाही. बॉम्बे थिएटर कर्जात बुडाले आणि १८३५ मध्ये विकले गेले. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी ते ५०,००० रुपयांना घेतले. देणी फेडल्यावर २७ हजारांहून अधिक रुपये उरले आणि ती रक्कम सरकारी खजिन्यात जमा झाली. पुढची सारी कथा या शिलकीतून घडते.

५/ १८४० च्या सुमारास मुंबईतील प्रतिष्ठित भारतीय आणि युरोपीय नागरिकांनी सरकारकडे अर्ज केला. नाट्यगृह वर्गणीतून उभे राहिले होते, म्हणून उरलेल्या पैशातून नवे नाट्यगृह बांधावे, असे त्यांचे म्हणणे होते. एका परकीय व्यापारी कंपनीच्या राजवटीत, प्रजा खजिन्यातील रकमेवर सार्वजनिक हक्क सांगते आणि तोही नाटकासाठी, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. मागणी मान्य झाली.

६/ पण बांधायचे कुठे? कोट गजबजून गेला होता. १८०३ च्या भीषण आगीनंतर तटबंदीबाहेरची मोकळी जागा आणखी रुंद केली गेली, म्हणजे तोफांच्या माऱ्याआड कोणतेही पक्के बांधकाम येऊ नये. या मोकळ्या पट्ट्याला ‘एस्प्लनेड’ म्हणत. आझाद मैदान, क्रॉस मैदान आणि ओव्हल हे त्याचेच उरलेले तुकडे. त्याच्या पलीकडे एतद्देशीयांची दाट वस्ती, म्हणजे ‘बाहेरकोट’. एका शहराची दोन शहरे आणि मधे मैदान, असा तो नकाशा होता.

७/ या पेचावर तोडगा काढला जगन्नाथ उर्फ नाना शंकरशेट यांनी. त्यांनी ग्रँट रोडवरची स्वतःची जागा नाट्यगृहासाठी दिली. १८३५ ते १८३८ या काळातील गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांच्या नावाचा हा रस्ता तेव्हा अगदी नवा होता. १० फेब्रुवारी १८४६ रोजी तेथे ‘ग्रँट रोड थिएटर’चा पडदा उघडला. नाट्यगृह मैदान ओलांडून बाहेरकोटाच्याही उत्तरेला गेले.

८/ या जागेमागे निव्वळ औदार्य पाहणे पुरेसे नाही. नव्या रस्त्यावर नाट्यगृह आले की वर्दळ येते, वर्दळीमागून दुकाने येतात आणि आजूबाजूच्या जमिनीचा भाव चढतो. नानांसारख्या जाणत्या जमीनमालकाला हे कळत नसेल, असे म्हणवत नाही. लोकहित आणि मालमत्तेचे हित एकाच वाटेने चालल्याची उदाहरणे एकोणिसाव्या शतकातील मुंबईत अनेक सापडतात. त्यामुळे नानांच्या कार्याला उणेपणा येत नाही. उलट शहर कसे वाढते, ते उमगते.

९/ आरंभी येथे इंग्रजी नाटकेच होत. परंतु कोटातल्या साहेबाला रात्री घोडागाडी जोडून मैदानापलीकडे, धुळीच्या रस्त्याने येणे जड जाऊ लागले. युरोपीय प्रेक्षक घटला आणि खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. रिकामे नाट्यगृह भाडे देत नाही. मग ज्यांच्या वस्तीलगत ते उभे होते, त्यांच्यासाठी त्याची दारे उघडली.

१०/ आता जरा सांगलीकडे वळू. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी तेथे ‘सीता स्वयंवर’ रंगवले, चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये आप्पासाहेब निवर्तले आणि राजाश्रय आटला. मंडळी जगवायची तर गावोगाव हिंडणे भाग होते. फिरत फिरत भावे मुंबईला आले आणि ९ मार्च १८५३ रोजी त्यांचा प्रयोग ग्रँट रोड थिएटरात झाला. इंग्रजी वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत मंडळीचे नाव होते ‘हिंदू ड्रॅमॅटिक कोअर’.

११/ त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पारशी मंडळींनी याच रंगमंचावर रुस्तुम-सोहराबाची कथा गुजरातीत सादर केली. नोव्हेंबरात खुद्द भावे यांनी गोपीचंदाचे आख्यान हिंदुस्थानीतून केले. मराठी, गुजराती, हिंदुस्थानी: एकाच वर्षात तीन भाषा, एकच नाट्यगृह! साहेबांच्या नाटकांसाठी मागितलेली वास्तू अवघ्या सात वर्षांत बहुभाषिक मुंबईची झाली.

१२/ माझ्या मते या कथेतला कळीचा क्षण हाच. सांगलीत नाटक कोणी पाहावे, हे राजाच्या मर्जीवर होते. ग्रँट रोडला ते खिशातल्या पैशावर ठरू लागले. हा बदल सर्वस्वी समतेचा नव्हता, कारण दर परवडेल त्यालाच आत प्रवेश. परंतु जात वा दरबारी मान न विचारता पैसे घेऊन जागा देणारी संस्था उदयाला आली. ‘प्रेक्षक’ नावाचा नवा नागरी समूह असा जन्माला आला.

१३/ १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि सट्ट्याचा फुगा फुटला. पण तोवर शहराचा चेहरा पालटू लागला होता. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत कोटाचा तट पाडण्यात आला. १८६४ च्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या ८ लाखांवर होती. एवढे शहर भिंतीत कोंडून ठेवणे शक्यच नव्हते.

१४/ तट पडल्यानंतर उभी राहिलेली महत्त्वाची बाजारवास्तू म्हणजे क्रॉफर्ड मार्केट, १८६९. वास्तुविशारद विल्यम इमर्सन. नाव म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांचे. दर्शनी भागावरील शिल्पे लॉकवुड किपलिंग यांची. तिची जागा नीट पाहा: मैदानाच्या उत्तर टोकाला, जिथे कोट संपून बाहेरकोट सुरू होतो त्या शिवणीवर. साहेबाचा खानसामा आणि काळबादेवीचा गृहस्थ एकाच छपराखाली फळे-भाजी घेऊ शकतील, अशी ही मोक्याची जागा. आज हा बाजार महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखला जातो.

१५/ किरकोळ व्यापाराची मात्र दोन जगे कायम राहिली. काळबादेवी, झवेरी बाजार, मुळजी जेठा मार्केट या भागांत शेठजी गादीवर बसलेले, माल गिऱ्हाइकासमोर उलगडला जाई आणि भाव घासाघिशीने ठरे. दक्षिणेकडे हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गावर, काचेच्या खिडक्यांत वस्तू मांडलेल्या असत. १८९० च्या दशकातील नियमांनी तेथील इमारतींना तळमजल्यावर कमानींचा पदपथ ठेवणे बंधनकारक केले. ऊन-पावसाचा त्रास न होता दुकाने पाहत हिंडणे, हा स्वतंत्र विरंगुळा तिथे रुजला.

१६/ या दोन जगांना जोडले ट्रामने. ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली. एक मार्ग कुलाब्यापासून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीपर्यंत, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीपर्यंत. दोन्ही मार्गांवर नजर टाकली तर दिसते की ते मैदान ओलांडून कोट आणि बाहेरकोट यांना सांधतात. आरंभीचे तिकीट ३ आणे होते, म्हणजे मजुराला न परवडणारे. तरीही मध्यमवर्गाला संध्याकाळी ‘बाहेर’ पडण्याचे साधन मिळाले.

१७/ ट्राम आणि आगगाडी जिथे भेटतात तिथे गर्दी आणि गर्दीमागे नाट्यगृहे. १८७९ मध्ये ‘गेइटी’ आणि १८८७ मध्ये ‘नॉव्हेल्टी’ ही थिएटरे बोरीबंदरच्या परिसरात उभी राहिली, दोन्ही पारशी नाटकवाल्यांच्या पुढाकाराने. पुढे गेइटीचे ‘कॅपिटॉल’ झाले आणि नॉव्हेल्टीच्या जागी ‘एक्सेलसियर’ आले. ग्रँट रोडवर वाढलेली रंगभूमी आता ऐपतदार प्रेक्षकाच्या शोधात पुन्हा दक्षिणेकडे सरकली होती. आणि या वेळी तिला आणणारे साहेब नव्हते.

१८/ ७ जुलै १८९६. वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला, भारतातील पहिला. तिकीट १ रुपया. आठवड्याभरातच, १४ जुलैपासून खेळ नॉव्हेल्टी थिएटरात हलला आणि दर ४ आण्यांपासून २ रुपयांपर्यंत लावले गेले. पडदानशीन स्त्रियांसाठी राखीव कक्षही ठेवण्यात आले. जे ग्रँट रोडला सात वर्षांत घडले, ते सिनेमाच्या बाबतीत सात दिवसांत घडले. हॉटेलातल्या मोजक्या पाहुण्यांवर धंदा चालत नाही, हे व्यवस्थापकांनी चटकन ओळखले.

१९/ त्या खेळांनी भारावलेले हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधील कुस्ती चित्रित केली. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये सर्वसामान्यांसाठी लागला. हिंदी चित्रसृष्टीचा आरंभ कोटातल्या झगमगाटात नव्हे, चाळींच्या मुलखात झाला. प्रेक्षक जिथे राहतो तिथे पडदा उघडावा, हा ग्रँट रोडचा धडा पुन्हा खरा ठरला.

२०/ १९३० च्या दशकात पारडे पुन्हा दक्षिणेकडे झुकले. १९३३ मध्ये कुलाब्याला रीगल, १९३८ मध्ये धोबीतलावला मेट्रो आणि त्याच वर्षी चर्चगेटसमोर, भराव घालून मिळवलेल्या जमिनीवर इरॉस. वातानुकूलन, आर्ट डेको शैली, हॉलिवूडचे चित्रपट. रीगलला तर मोटारींसाठी तळघरही होते. मोटार असलेला प्रेक्षक ही नवी जात आली होती आणि वास्तू तिच्या मापाने बेतल्या जात होत्या.

२१/ आणि पिला हाऊस? नाट्यगृहांची चित्रगृहे झाली. आल्फ्रेड, रॉयल, मोती, गुलशन: स्वस्त तिकिटांची, जुन्या चित्रपटांची, गिरणी कामगार आणि हमालांची हक्काची जागा. शेजारचा फॉकलंड रोड आज पठ्ठे बापूराव मार्ग आहे, एका थोर तमाशा कलावंताच्या नावाचा. पण कामाठीपुऱ्याच्या सान्निध्यामुळे साऱ्या भागावर ‘बदनाम’ हा शिक्का बसला. प्रतिष्ठित प्रेक्षक निघून गेला आणि जाताना त्या जागेची आठवणही पुसून गेला.

२२/ मग जागा कोण ठरवते? सरकारने तट पाडला, रस्ते आखले, नियम केले. जमीनमालकांनी जागा दिली आणि तिचे मोलही वाढवले. ट्रामने अंतर कापले. पण या साऱ्या वास्तूंचे भवितव्य अखेरीस तिकीट खिडकीवरील दराने ठरले. दगडी तट १८६० च्या दशकात पडला. दराचा तट पडला नाही, तो फक्त हलत राहिला. ४ आणे जिथे चालतात तिथे एक शहर आणि १ रुपया जिथे लागतो तिथे दुसरे.

२३/ म्हणून एखादे जुने एकपडदा चित्रगृह पाडून तिथे मॉल उभा राहतो, तेव्हा केवळ वास्तूबद्दल हळहळून भागत नाही. तिथला सर्वांत स्वस्त रांगेतला प्रेक्षक आता कुठे जाणार, हा इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारायचा प्रश्न आहे. १८४० मध्ये मुंबईकरांनी शिलकी पैशावर सार्वजनिक हक्क सांगितला होता. आज मध्यवर्ती जमिनीवर असा हक्क कोण सांगतो आहे?

२४/ पुढच्या वेळी ग्रँट रोडला उतरलात तर पूर्वेकडून बाहेर पडा. फलकावर रस्त्याचे नाव मौलाना शौकतअली मार्ग असे दिसेल. तोच जुना ग्रँट रोड. टॅक्सीवाल्याला ‘पिला हाऊस’ म्हणा आणि तो शब्द खालच्या आवाजात उच्चारू नका. आपल्या रंगभूमीने मुंबईत जिथे पहिल्यांदा तिकीट फाडले, त्या मुलखाचे ते नाव आहे.

तुमच्या शहरात नाटक-सिनेमाचा जुना पत्ता कोणता होता आणि आज तिथे काय आहे? खाली जरूर लिहा. (समाप्त)