हवाबंदूक : वंगण व देखभाल यांचा इतिहास

हवाबंदूक : दाबलेल्या हवेच्या प्रसरणाने छर्रा किंवा गोळी फेकणारे शस्त्र. साध्या बंदुकीत दारूच्या ज्वलनाने तत्क्षणी वायू निर्माण होतो; हवाबंदुकीत मात्र हवा आधी कोंडावी लागते आणि चाप ओढेपर्यंत किंवा गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत ती निसटू द्यायची नसते. त्यामुळे दट्ट्या, झडप व सांधे हवाबंद राखणे हा या शस्त्राच्या रचनेतील मुख्य प्रश्न ठरला. हवाबंदुकीचा सु. चारशे वर्षांचा इतिहास हा बऱ्याच अंशी चामडे, तेल व ग्रीज यांचा इतिहास आहे.

प्रारंभीचे प्रकार : अवशिष्ट हवाबंदुकांपैकी सर्वांत जुनी समजली जाणारी बंदूक सु. १५८० मधील असून ती स्टॉकहोम येथील राजशस्त्रागार संग्रहालयात आहे. तिच्या दस्त्यात स्प्रिंगच्या जोराने मिटणारा भाता बसविलेला होता. सतराव्या-अठराव्या शतकांत पंपाने हवा भरण्याची धातूची टाकी प्रचारात आली. ही टाकी नळीभोवती, दस्त्यात किंवा बंदुकीखाली लटकणाऱ्या गोळ्याच्या रूपात असे. अशा बंदुका महाग असल्याने त्या प्रामुख्याने श्रीमंतांच्या शिकारीपुरत्या राहिल्या.

गिरार्दोनी बंदूक : आंपेत्सो (टिरोल) येथील बार्टोलोमेओ गिरार्दोनी या कारागिराने तयार केलेली हवाबंदूक ऑस्ट्रियाच्या सैन्याने १७८० मध्ये स्वीकारली. नळीलगतच्या कोठीत सु. २० गोळ्या मावत व त्या एकापाठोपाठ एक झाडता येत. धूर नाही, ठिणगी नाही आणि आवाजही कमी, असे हे शस्त्र त्या काळाच्या मानाने विलक्षण होते. त्याचा दस्ता म्हणजेच हवेची टाकी होती. ती हातपंपाने पूर्ण भरण्यासाठी सु. १,५०० वेळा दट्ट्या मारावा लागे. एका भरणीवर सु. ३० गोळ्या प्रभावीपणे उडविता येत.

हे सामर्थ्य देखभालीवर अवलंबून होते. टाकी लोखंडी पत्र्याची असून तिचे सांधे झाळून जोडलेले असत. टाकी व यंत्रणा यांमधील चामड्याची चकती ओलावून फुगवलेली ठेवावी लागे. ती सुकली की दाब उतरे. पंपातील चामडेही निगा मागे. टाक्या बनविणे कठीण होते आणि बिघडलेली बंदूक दुरुस्त करण्यास खास प्रशिक्षित कारागीर लागे. रणांगणावर अशी निगा राखणे अवघड ठरल्याने हे शस्त्र सैन्यात मर्यादित प्रमाणातच वापरले गेले व १८१५ च्या सुमारास ते सेवेतून पूर्णपणे गेले.

या शस्त्रास योग्य कारागिराची साथ मिळाली म्हणजे काय घडते, याचे उदाहरण अमेरिकेत आढळते. मेरिवेदर लूइस व विल्यम क्लार्क यांच्या १८०३–०६ मधील मोहिमेत लूइसजवळ एक हवाबंदूक होती. ती गिरार्दोनी पद्धतीची असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. जून १८०५ मध्ये मोहिमेतील लोहार जॉन शील्ड्झ याने तिची मुख्य स्प्रिंग नवीन बसविली. ऑगस्टमध्ये लूइसने स्वतः तिची दुरुस्ती करून नेम पुन्हा जुळविला. सोबत लोहार असल्याने दूरच्या प्रवासातही ती उपयोगात राहिली.

स्प्रिंगची हवाबंदूक : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टाकीऐवजी जोरदार स्प्रिंग व दट्ट्या वापरणाऱ्या स्वस्त बंदुका निघाल्या. बर्मिंगहॅमच्या लिंकन जेफरीझ याची बंदूक बी. एस. ए. कंपनीने १९०५ पासून बनविली. दट्ट्याच्या टोकाला चामड्याची वाटी असे. ती प्राणिज किंवा खनिज तेलाने मऊ ठेवावी लागे. कोरडी वाटी आक्रसते व हवा मागे निसटते. वनस्पतिज तेले कालांतराने चिकट होतात, म्हणून ती या कामी निरुपयोगी ठरतात.

तेल अधिक झाले, तर दुसरा धोका उद्‌भवतो. दट्ट्या वेगाने पुढे येताना हवा क्षणभर कित्येकशे अंश से. पर्यंत तापते आणि तेलाची वाफ पेट घेते. डीझेल एंजिनातही असेच ज्वलन होते, म्हणून या प्रकारास ‘डीझेलिंग’ म्हणतात. त्यामुळे मोठा आवाज होतो, नळीतून धूर येतो, नेम बिघडतो व स्प्रिंग तुटू शकते. तथापि अल्प ज्वलन नेहमीच्या उडण्यातही होत असते. ब्रिटिश संशोधक कार्ड्यू यांनी बंदूक नायट्रोजनमध्ये उडवून पाहिली, तेव्हा छर्र्याचा वेग लक्षणीय घटला. यावरून वंगण हे केवळ घर्षण कमी करणारे नसून बंदुकीच्या कार्यातही सहभागी असते, हे स्पष्ट झाले.

आधुनिक देखभाल : चामड्याच्या जागी कृत्रिम बहुवारिकांची वाटी आल्यावर तेलाची गरज बरीच कमी झाली. स्प्रिंग व धातूच्या घासणाऱ्या भागांना मॉलिब्डेनम डायसल्फाइडयुक्त ग्रीज अल्प प्रमाणात लावतात. दट्ट्यापुढील पोकळीत खनिज तेल घालीत नाहीत. आवश्यक तेथे सिलिकोन तेलाचा एखादा थेंब पुरतो. मात्र सिलिकोन तेल धातूवर धातू घासते तेथे पुरेसे वंगण देत नाही. स्प्रिंगच्या बंदुकीत छर्रा न घालता चाप ओढल्यास दट्ट्या सिलिंडरच्या टोकावर आदळतो, म्हणून तसे करणे टाळतात. ती दीर्घकाळ ताणून ठेवल्यास स्प्रिंग मंदावते. उच्च दाबाची हवा साठविणाऱ्या बंदुकांत खनिज तेल पेटण्याचा धोका असल्याने त्यांच्या वलयांना सिलिकोन ग्रीजच लावतात व टाकी उत्पादकाने ठरविलेल्या मुदतीनंतर बदलतात. कोकणासारख्या दमट प्रदेशात बाहेरील पोलादावर तेलाचा पातळ थर नसल्यास गंज लवकर चढतो.

१९८४ च्या लॉस अँजेल्स ऑलिंपिकमध्ये १० मी. हवारायफल स्पर्धा प्रथमच समाविष्ट झाली. मुंबईच्या अंजली भागवत यांनी २००० मध्ये सिडनी येथे या प्रकाराची अंतिम फेरी गाठली व २००८ मध्ये बीजिंग येथे अभिनव बिंद्रा यांनी सुवर्णपदक मिळविले. या स्पर्धांत प्रत्येक छर्रा एकाच वेगाने सुटणे अगत्याचे असते. आणि तो वेग वलय, झडप व दाबनियंत्रक यांच्या निगेवर अवलंबून असतो. ज्या उणिवेने गिरार्दोनीची बंदूक सैन्यातून गेली, तिचे निवारण आज क्रीडेत अचूकतेचा पाया बनले आहे.