पोटातलं पाणी, रक्तातलं मीठ

गडचिरोलीतल्या चामोर्शीच्या बाजूला कुणाचं पोट फुगून ताठ झालं, की 'पोटात पाणी झालं' म्हणतात आणि आधी त्याचं पाणी पिणं तोडतात. ताटात खारवलेली मासोळी, लोणचं, पापड मात्र तसंच राहतं. सिरोसिसमध्ये यकृत कठीण होऊन साठणाऱ्या या पाण्यावर गोळी कशी सापडली, ती सगळी हकीकत मिठाभोवती फिरते.

मीठ तोडणं आपल्या वैद्यांना ठाऊक होतं. चरकसंहितेत पोटातलं पाणी काढल्यावर बिनमिठाची, बिनतुपाची पेज आणि पुढे सहा महिने दूध सांगितलं आहे. सुश्रुताने छिद्राची जागाही दिली: बेंबीखाली, मधल्या रेषेपासून चार बोटं डावीकडे. सगळं पाणी एका दिवसात काढू नये, हेही त्याने बजावलं. आज पाच लिटरांहून जास्त काढलं तर दर लिटरमागे सुमारे ८ ग्रॅम अल्ब्युमिन शिरेतून देतात. एकदम रितं करण्याचा धोका तेव्हाही ओळखलेला होता.

लघवीवाटे पाणी काढण्याचा जोरदार उपाय १९१९ मध्ये व्हिएन्नात योगायोगाने हाती आला. उपदंशाच्या एका मुलीला पाऱ्याचं इंजेक्शन दिलं, आणि परिचारिकांनी ठेवलेल्या नोंदींत लघवी एकाएकी वाढलेली आल्फ्रेड फोगल या विद्यार्थ्याला दिसली. त्या परिचारिकांचं नाव कुणी घेत नाही; नोंद त्यांची होती. पुढे कित्येक वर्षं डॉक्टरांनी पाराच वापरला, मूत्रपिंडाला इजा होण्याचा धोका पत्करून.

हे पाणी मुळात का साठतं, त्याचं कारण उलगडायला वाट मिळाली १९५३ मध्ये. सिल्व्हिया सिम्पसन आणि जेम्स टेट यांनी स्विस सहकाऱ्यांसह अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक शुद्ध रूपात वेगळं केलं. सिरोसिसमध्ये रक्त पोटाच्या शिरांत तुंबतं, मूत्रपिंडाला वाटतं शरीरात रक्तच कमी आहे, अल्डोस्टेरॉन वाढतं आणि मीठ धरून ठेवलं जातं. मिठामागे पाणी येतंच. या संप्रेरकालाच अडवणारं स्पायरोनोलॅक्टोन अमेरिकेतल्या सर्ल कंपनीने १९५० च्या दशकाअखेरीस आणलं. जर्मनीच्या हेक्स्टचं फ्युरोसेमाइड, म्हणजे आपलं लॅसिक्स, १९६० च्या दशकात आलं. ते तासाभरात लघवीला लावतं, म्हणून लोकांचा भरवसा त्यावर. पण १९८३ मध्ये बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी दोन्ही तोलून पाहिली, तेव्हा सिरोसिसमध्ये स्पायरोनोलॅक्टोन सरस ठरलं. दोन्ही एकत्र देताना स्पायरोनोलॅक्टोन १०० मिलिग्रॅमला फ्युरोसेमाइड ४० असं प्रमाण धरतात. आपल्याकडच्या जोडगोळीत ५० आणि २० असतं, प्रमाण तेच.

स्पायरोनोलॅक्टोनला काम दाखवायला तीन-चार दिवस लागतात. दोन दिवसांत फरक नाही म्हणून ती टाकून देणं हे मोठं नुकसान आहे. रोज सकाळी वजन करावं: पायावर सूज नसेल तर दिवसाला अर्ध्या किलोहून जास्त उतरू देऊ नये. दिवसभराचं मीठ, सगळ्या जेवणात मिळून, एक लहान चमचा.

पावसाळ्यात बांधावर उगवणारी घेटुळी, म्हणजे पुनर्नवा, लघवीसाठी घेतात. कलकत्त्यात रामनाथ चोप्रांनी १९२० च्या दशकात तिच्यावर काम केलं. तिच्यात पोटॅशियमचे क्षार भरपूर असतात. स्पायरोनोलॅक्टोनही पोटॅशियम वाढवतं, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन्ही सोबत घेऊ नयेत.

आणखी एक. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी पोट फुगलेल्याला लोक सरळ दारूडा ठरवतात. हिपॅटायटिस बीनेही हेच होतं. आयुष्यात मोहाचा थेंब न घेतलेली बाई या बोलण्याच्या भीतीने दवाखान्यात उशिरा येते, आणि तोवर गोळीचा उपयोग कमी झालेला असतो.